चाकाआडचा गंज

जुनी प्रीमियर पद्मिनी विकत घ्यायला निघालेला माणूस आधी बॉनेट उघडतो. इंजिन सुरू करून कान देतो, सायलेन्सरमागे उभा राहून धुराचा रंग बघतो, दारं लावून त्यांचा आवाज ऐकतो. हे सगळं बघण्यासारखं आहेच. पण पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन इतकं साधं आहे आणि इतक्या मेकॅनिकांच्या हाताखालून गेलेलं आहे, की त्यातलं जवळपास काहीही दुरुस्त होतं. पिस्टन मिळतो, बेअरिंग मिळतं. नाहीच मिळालं तर लेथवाला एखादी वस्तू घडवून देतो. जे सहजी परत मिळत नाही, ते गाडीचं अंग. म्हणून जुनी गाडी बघायला जाणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगतो: मागच्या चाकाशेजारी खाली बसा आणि चाकावरच्या कमानीच्या आतल्या कडेवरून बोट फिरवा.

बोटाला कड सलग आणि कोरडी लागली, तर पुढचं बोलणं सुरू करायला हरकत नाही. चिखलाचा घट्ट थर लागला, तर तो खरवडून बघायची परवानगी मागा. आणि बोटाखाली ओलसर भुगा, पापुद्रे किंवा संशय यावा इतका गुळगुळीत काळा लेप लागला, तर गाडी बाहेरून कितीही चकाकत असली तरी तिची किंमत नव्यानं ठरवायला हवी.

व्हील आर्च म्हणजे चाकावरची ही कमान एका पत्र्याची नसते. बाहेरून दिसतो तो अंगाचा पत्रा. आतून चाकावर घुमटासारखा बसलेला असतो तो दुसरा. कमानीच्या कडेला हे दोन्ही पत्रे एकमेकांवर दुमडून आणून स्पॉट वेल्डिंगच्या ठिपक्यांनी जोडलेले असतात. ठिपका जिथे आहे तिथे पत्रे एकजीव होतात. दोन ठिपक्यांच्या मधे केसभर फट राहते. कारखान्यात रंगाचा फवारा या फटीच्या तोंडापर्यंत पोचतो, आत शिरत नाही. पाणी मात्र शिरतं. फट जितकी अरुंद, तितकं पाणी आत जास्त ओढलं जातं आणि बाहेर यायला तितकाच वेळ घेतं. पत्र्याची जाडी एक मिलिमीटरच्या आसपास. गाडीच्या जन्मापासूनच ही जागा उघडी पडलेली असते.

त्यात चाकाचा मारा. टायर खडी, वाळू, पाणी सतत वर फेकत असतो आणि हे सगळं कमानीच्या आतल्या बाजूवर आदळतं. रंगाचे बारीक टवके उडतात. पुढच्या मडगार्डच्या आत, दिव्याच्या मागे आणि दाराच्या बिजागरीकडच्या कोपऱ्यात, छोटे कप्पे असतात. तिथे चिखल बसतो आणि वर्षानुवर्षं बसून राहतो. अनेक जुन्या गाड्यांचं पुढचं मडगार्ड बोल्टवर बसवलेलं असल्यानं ते उतरवून साफ करता येतं. मागची कमान गाडीच्या अंगाचाच भाग, ती सुटत नाही. शिवाय पद्मिनीसारख्या गाडीला वेगळी चॅसी नसते, पत्र्याची पेटी हाच तिचा कणा. अॅम्बॅसिडरचीही रचना तशीच. मागची आतली कमान फरशीला, डिकीला आणि मागच्या खांबाला एकत्र बांधते. ती सडली तर नुकसान फक्त दिसण्याचं होत नाही, गाडीची ताकद जाते. हे लक्षात न घेता कमानीच्या गंजाला रंगाऱ्याचं काम समजणं, ही जुन्या गाड्यांच्या बाबतीतली सगळ्यात महागात पडणारी समजूत आहे.

पद्मिनीचं घर कुर्ला. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली आणि पुढे इटलीच्या फियाटशी करार होऊन कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट बाहेर पडू लागल्या. १९६४ मध्ये ११०० डिलाइट आली, मग तिची प्रेसिडेंट झाली आणि १९७४ पासून पद्मिनी. मूळ फियाट ११०० चा हा आकार इटलीत १९५३ साली रस्त्यावर आलेला. म्हणजे इटलीच्या हवेत जन्मलेला पत्र्याचा नकाशा आपण उचलला आणि वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस झेलणाऱ्या शहरात चालवला. तोही अर्धशतकाच्या आसपास. त्या मानानं ही गाडी टिकली, हेच विशेष म्हणायचं.

गंज नेमका कुठे धरतो, याचा उलगडा केंब्रिजच्या यूलिक इव्हान्स या शास्त्रज्ञानं १९२० च्या दशकात एका थेंबावर केला. पोलादाच्या स्वच्छ पत्र्यावर त्यानं मिठाच्या पाण्याचा थेंब ठेवला. थेंबाच्या कडेला हवा भरपूर मिळते, मध्यभागी ती पोचत नाही. आपल्याला वाटेल, की हवा जिथे जास्त तिथे गंज जास्त. झालं उलटं. लोखंड विरघळलं ते मध्यभागी, जिथे प्राणवायू कमी होता तिथे. काठ शाबूत राहिला. दोन भागांत विजेचा बारीक प्रवाह सुरू होतो आणि प्राणवायूला मुकलेली बाजू खर्ची पडते.

कमानीच्या कडेत नेमकं हेच चालतं. दोन पत्र्यांमधली फट, चिखलाच्या ढेकळाखालचा भाग, सुटलेल्या रंगाच्या फोडाखालची जागा, या सगळ्या प्राणवायू न पोचणाऱ्या जागा. बाहेरचा उघडा पत्रा पावसात भिजून वाऱ्यावर सुकतो आणि ठीक राहतो. झाकलेला आतून जातो. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा मागतो. त्यामुळे फटीत तयार झालेला गंज दोन पत्र्यांना एकमेकांपासून रेटतो, फट रुंदावते, आणखी पाणी शिरतं. बाहेरच्या रंगावर पहिला फोड दिसतो, तेव्हा आतल्या बाजूनं पत्रा बहुधा संपत आलेला असतो.

दुसरी गोष्ट आर्द्रतेची. व्हर्नन या इंग्रज संशोधकानं १९३० च्या दशकात दाखवलं, की हवेतली आर्द्रता ६०-७० टक्क्यांच्या पुढे गेली की लोखंड गंजण्याचा वेग एकदम उसळतो. मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता ऐंशीच्या वर असते. पाऊस थांबला, गाडी शेडमध्ये उभी आहे, एक थेंबही अंगावर पडत नाही, तरी गंजाचं काम चालू राहतं.

त्यात मीठ मिसळलं की विचारायलाच नको. हर्णै, मुरूड, काशीद, दिवेआगर इथल्या ओल्या वाळूवर गाडी पळवण्याची हौस अनेकांना असते. समुद्राच्या मिठात नुसतं सोडियम क्लोराइड नसतं, मॅग्नेशियम क्लोराइडही असतं. स्वयंपाकघरातलं शुद्ध मीठ हवेत साधारण ७५ टक्के आर्द्रता झाल्यावर पाझरतं. मॅग्नेशियम क्लोराइडला ३३ टक्क्यांच्या आसपासची आर्द्रता पुरते. म्हणजे किनाऱ्यावरून आणलेली वाळू कमानीच्या कडेत बसली, की ती डिसेंबरच्या कोरड्या दुपारीही हवेतलं पाणी ओढून पत्रा ओला ठेवते. भरतीच्या वेळी पाऊस झाला की मुंबईच्या सखल भागांत तुंबणाऱ्या पाण्याचंही भय धरायला हवं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि हजारो वाहनं पाण्याखाली गेली. त्या दिवशी बुडालेली जुनी गाडी कुणी आज विकायला काढली असेल, तर सीटचं नवं कापड बघू नका, कमानी आणि दाराखालच्या पेट्या बघा.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडच्या आसपास पत्र्याचं काम करणारी छोटी गॅरेजेस आहेत. त्यांतल्या एका शेडमध्ये क्रीम रंगाच्या एका पद्मिनीची मागची डावी कमान उघडताना मी पाहिली. बाहेरून दिसत होता करंगळीच्या नखाएवढा एक फोड. मालकाला तेवढाच घासून टच-अप करून हवं होतं. मिस्त्रींनी काहीही न बोलता फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक कमानीवरून फिरवलं. दाराच्या बाजूला ते घट्ट धरत होतं. फोडाच्या आसपास हातभर लांबीत ते नुसतं घसरत गेलं. तिथे पत्रा नव्हताच, पुट्टी होती.

ग्राइंडर लागला तसा गुलाबी भुगा उडायला लागला. बोटभर जाडीची पुट्टी निघाली. तिच्याखाली आणखी एक जुनी, राखाडी पुट्टी, तिच्या मागे तारेची जाळी, आणि जाळीच्या आड कोंबलेला वर्तमानपत्राचा बोळा, भिजून भिजून लगदा झालेला. शेजारच्या शाबूत पत्र्यावरचा क्रीम रंग निघाला तर खाली काळा रंग दिसला. कुणीतरी कधीकाळी भंगारात गेलेल्या टॅक्सीच्या अंगाचा तुकडा कापून इथे जोडला होता. त्या तुकड्याचं वेल्डिंग चांगलं होतं. पण वेल्डिंगच्या उष्णतेनं मागच्या बाजूचा रंग जळून गेला होता आणि त्या बाजूला नंतर कुणी काही लावलं नव्हतं. तो तुकडा टाक्यांच्या रेषेवरच पुन्हा सडला होता. आतल्या कमानीतून मिस्त्रींनी स्क्रू-ड्रायव्हरनं उकरलं, तेव्हा पसाभर माती, वाळलेली पानं आणि लोखंडाचे पापुद्रे खाली पडले.

नवी कड त्यांनी हातानं घडवली. चांगल्या उजव्या कमानीवरून पुठ्ठ्याचा फर्मा काढला, तो उलटा करून वीस गेजच्या पत्र्यावर आखला. कमानीची कड आत वळवताना पत्रा ताणला जातो. एका दमात वळवली तर चिरते. म्हणून मागे डॉली, म्हणजे लोखंडी ठोकळा, धरून, लाकडी हातोडीच्या हलक्या टोल्यांनी, या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि पुन्हा पहिल्यापासून, अशी ती हळूहळू झुकवत नेली. दर फेरीला फर्मा लावून बघितला. जोडताना सलग वेल्डिंग न करता लांब लांब टाके मारले आणि प्रत्येक टाका थंड होऊ दिला, नाहीतर पत्र्याला पोक येतो. असं काम करणारे हात मुंबईत आणि पुण्यात अजून आहेत, पण त्यांच्या हाताखाली शिकायला येणारी पोरं कमी होत चालली आहेत. आता अपघातातल्या गाडीचा पत्रा ठोकून सरळ करण्याऐवजी कंपनीतून अख्खा नवा भाग आणून बसवतात. ठोकणाऱ्याची गरजच उरत नाही.

आता त्या काळ्या लेपाबद्दल, कारण माझं खरं भांडण त्याच्याशी आहे. पावसाळा जवळ आला की गाडीला खालून डांबरी कोटिंग मारून घ्यायची पद्धत आहे. नव्या, स्वच्छ, कोरड्या पत्र्यावर चांगलं प्रायमर देऊन मग जाड लेप दिला, तर तो खडीचा मार झेलतो आणि उपयोगी पडतो. पण जुन्या गाडीवर तो बहुतेक वेळा धुतलेल्या, अर्धवट वाळलेल्या, गंजलेल्या पत्र्यावरच फवारला जातो. डांबर उन्हानं आणि वयानं कडक होतं, त्याला भेगा पडतात. भेगेतून आत गेलेलं पाणी लेपाखाली पसरतं आणि त्याला बाहेर यायला वाट नसते. इव्हान्सच्या थेंबाचा मधला भाग आपण आपल्या हातानं अख्ख्या कमानीवर पसरवून ठेवतो. वर मालक निर्धास्त होतो, हे आणखी वाईट. लेपामुळे गंज थांबत नाही, तो फक्त दिसेनासा होतो. जुन्या गाडीची कमान दर वर्षी बघता येईल, बोट लावता येईल, अशी ठेवणं हाच तिचा पहिला बचाव आहे, असं माझं ठाम मत आहे.

मग करायचं काय? गंज जिथवर गेला आहे तिथवर वायर ब्रशनं आणि पॉलिश पेपरनं चकचकीत धातूपर्यंत जायचं. जिथे पत्रा टोचून आरपार जातो, तिथे कापायचंच. पुट्टीनं भोक बुजवणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं, कारण पुट्टी ओल शोषते. जिथे पत्रा शाबूत आहे पण खड्ड्याखड्ड्यांत गंज उरला आहे, तिथे रस्ट कन्व्हर्टर कामाला येतं. काहींत फॉस्फॉरिक आम्ल असतं, ते गंजाचं लोहफॉस्फेट करतं. काहींत टॅनिन असतं. ते लावल्यावर तांबडा गंज बघता बघता निळसर काळा होतो. हा रंग मराठी माणसाच्या जुन्या ओळखीचा आहे. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरातला हिरडा टॅनिनसाठीही विकला जातो आणि हिरडा नि हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, यांची काळी शाई आपल्याकडे पिढ्यानपिढ्या घोटली गेली. लोखंड आणि टॅनिन यांचा तोच संयोग पत्र्यावर होतो. मात्र कन्व्हर्टर हा शेवटचा थर नव्हे. त्यावर रंग चढवला नाही, तर एका पावसाळ्यात सगळं मूळपदावर येतं.

प्रायमरच्या बाबतीतही एक घोटाळा नेहमी होतो. गॅरेजात 'रेड ऑक्साइड मारून देतो' म्हणतात आणि आपण मान हलवतो. पूर्वी पूल, जहाजं, कारखाने ज्यानं रंगवले जात, ते खरं गंजविरोधक प्रायमर म्हणजे शेंदूर. शिशाचं ऑक्साइड, जवसाच्या तेलात कालवलेलं. ते गंजाची क्रियाच मंद करत असे. शिसं विषारी म्हणून ते मागे पडलं, हे योग्यच झालं. रेड ऑक्साइडचा रंग त्याच्या जवळपासचा, पण तो गेरूचा, म्हणजे लोखंडाच्याच ऑक्साइडचा. तो आडोसा देतो, गंजाशी लढत नाही. चाकाच्या कमानीसाठी दोन भागांचं एपॉक्सी प्रायमर वापरावं. जिथे दोन पत्रे एकमेकांवर बसणार आहेत, त्या पट्टीवर जोडण्याआधी वेल्डिंगला चालणारं जस्ताचं प्रायमर द्यावं. जस्त लोखंडाच्या आधी स्वतः झिजतं आणि तोवर लोखंडाला हात लागू देत नाही. पॉर्शेनं सत्तरच्या दशकाच्या मध्यात ९११ ची अंगं जस्त चढवलेल्या पत्र्याची करायला सुरुवात केली, ती याच गुणासाठी. आजच्या साध्या गाड्यांनाही ती सोय मिळते आणि चाकावर प्लॅस्टिकचं अस्तरही असतं. पद्मिनीच्या वाट्याला ते आलं नाही, म्हणून ते काम मालकानं करायचं.

प्रायमरनंतर सांध्यावर पॉलियुरेथेनचा सीलर, पण खालच्या कडेची पाणी निथळायची भोकं सोडून. ही भोकं बुजवणं हा गुन्हाच समजावा. मग रंग. आणि सगळ्यात शेवटी, डिकीच्या आतून आणि कमानीच्या पोकळीत, पातळ मेणाचा किंवा लॅनोलिनचा फवारा. हे पदार्थ पूर्ण कडक होत नाहीत, फटीत शिरतात, ओरखडा पडला तर पुन्हा सरकून तो झाकतात. आपल्याकडचे जुने ड्रायव्हर पावसाळ्यापूर्वी गाडीखाली जळकं ऑइल आणि डिझेल मारून घ्यायचे, त्यामागची समज हीच होती: पत्रा तेलकट ठेवा, पाणी टिकू देऊ नका. जळक्या ऑइलनं रबरी बुश खराब होतात, रस्ता आणि जमीन नासते, त्यामुळे ते आता करू नये. पण दर वर्षी नव्यानं लावायचा पातळ थर एकदाच मारलेल्या जाड लेपापेक्षा बरा, हे त्यांना बरोबर कळलं होतं.

धुण्याबद्दल थोडक्यात. कमान आतून साध्या नळाच्या पाण्यानं, लांब दांड्याच्या ब्रशनं आणि सावकाश धुवावी. प्रेशरच्या फवाऱ्याची नळी सांध्याला अगदी जवळ लावली तर पाणी फटीत कोंबलं जातं. समुद्रावरून आल्यावर हे त्याच दिवशी करावं. धुतल्यावर गाडी लगेच झाकू नये. थोडी चालवून, वाऱ्यावर सुकवून मग उभी करावी. प्लॅस्टिकचं कव्हर पावसाळ्यात गाडीला घाम आणतं. छप्पर असेल तर कव्हर नसलेलंच चांगलं.

एवढा खटाटोप एका जुन्या फियाटसाठी कशाला, असं विचारणारे भेटतात. त्यांना सांगायला माझ्याकडे एक कायद्याचंही कारण आहे. २०२१ मध्ये केंद्र सरकारनं पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी विंटेज नोंदणीचे नियम आणले. नंबरप्लेटवर 'व्हीए' ही अक्षरं येतात, नोंदणी दहा वर्षांची असते, रोजच्या वापराला आणि धंद्याला अशी गाडी चालत नाही. अट अशी, की गाडी मूळ रूपात हवी. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नको. पद्मिनी या नावानं बाहेर पडलेल्या पहिल्या गाड्यांची पन्नाशी २०२४ पासून भरू लागली आहे. ज्यांचा मूळ पत्रा शाबूत आहे, त्यांच्यासाठी हे दार उघडलं आहे.

आणि पत्र्याचा साठा आटत चालला आहे. कारखान्यातून पद्मिनी निघणं २००० च्या सुमाराला थांबलं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून ३० ऑक्टोबर २०२३ ला रस्त्यावरून गेली. टॅक्सीचालकांच्या संघटनेनं निदान एक तरी गाडी जतन करावी अशी मागणी केली होती, ती मनापासूनची होती. या टॅक्सी धावत होत्या तोवर भंगारात त्यांची मडगार्डं, दारं, कमानीचे तुकडे येत राहत आणि घरगुती पद्मिनींना ते लागत. ती आवक आता बंद झाली. यापुढे तुमच्या गाडीला जी कमान आहे तीच तिची कमान.

दिवाळी अंक तुमच्या हातात पडतो तो पाऊस सरल्यावर, हवा कोरडी होत असताना. वर्षातली या कामाची सगळ्यात चांगली वेळ हीच. तेव्हा घरात जुनी फियाट, अॅम्बॅसिडर, हेराल्ड, जी काही असेल ती जॅकवर घ्या, खाली लाकडी ठोकळे लावा, चारही चाकं उतरवा. कमानी धुऊन दोन दिवस सुकू द्या. लोहचुंबक फिरवा, कडेवरून बोट फिरवा, निथळायच्या भोकांत तार घालून बघा, डिकीतली चटई उचलून खालचा सांधा तपासा, आणि जे दिसेल त्याचे तारखेसह फोटो काढून ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी ताडून बघता येईल. एखादा फोड आढळला तर त्यावर रंग मारू नका. मृग लागायला अजून सात महिने आहेत आणि हातानं पत्रा घडवणाऱ्या मिस्त्रीकडे रांग असते. त्यांच्याकडे आजच वेळ मागून ठेवा.